पाणीचोर

सूरजनं फ्रिजच्या दाराला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि चावी आपल्या गाडीच्या चाव्यांत अडकवली. कुलूप ऑनलाइन मागवलेलं होतं. रांगतं मूल असलेल्या घरात लावतात तसलं, पांढरं, गुळगुळीत. त्याच्या खोक्यावर एक गुटगुटीत बाळ हसत होतं. आणि ज्या बाळासाठी हे कुलूप आलं होतं ते बाळ, वय सत्तरीच्या पुढे, खाटेवर सुजलेले पाय लोंबते सोडून बसलं होतं.

"बाबा, तुमच्या चांगल्यासाठीच आहे हे," सूरज म्हणाला. "डॉक्टर क्लिअरली बोलले ना? फ्लुइड इनटेक कंट्रोल होत नाहीये."

"मी चोरून पाणी पीत न्हाई," सोनबा म्हणाला.

"चोरून कोण म्हणतंय? नकळत जातं. इट्स ह्यूमन."

"नकळत? घसा कुनाचा असतो रं मग तवा?"

सूरजनं ओट्याखालचा माठ उचलला आणि शेजारधर्म म्हणून दारात उभ्या असलेल्या माझ्या हातांत दिला. "अप्पाकाका, हा तुमच्याकडे राहू दे. रोज सकाळी एक फुलपात्र भरून द्या. मागितलं तरी जास्त देऊ नका, प्लीज."

मी आजवर लोकांच्या पुष्कळ गोष्टी सांभाळल्या आहेत. गावाला गेलेल्यांच्या चाव्या, मांजरं, तुळशी. एकदा स्वारगेटजवळ सर्कस उतरली होती तेव्हा सर्दी झालेला उंट माझ्या व्हरांड्यात तीन रात्री झोपला होता आणि पहाटे माझ्या घोरण्याची तक्रार करून निघून गेला. पण माठ नजरकैदेत ठेवायची वेळ पहिलीच.

"आणि बेसिनचा नळ?" मी विचारलं.

"ते पाणी कोण पितं, काका?"

"चोर फिल्टर शोधत बसत नाही, सूरज."

सूरजनं बेसिनकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि वाघोलीतल्या आपल्या घरापर्यंतच्या ट्रॅफिकचा उल्लेख करून निघून गेला. नळ बिनकुलपाचाच राहिला. म्हणजे कुलूप पाण्याला नव्हतंच. ते माणसाला होतं. माझं टाळकं तिथेच फिरलं, ते अजून जागेवर आलेलं नाही.

कारण हा माणूस कोण, ते तुम्हाला माहीत नाही. सोनबा महापालिकेत व्हॉल्व्हमन होता. म्हणजे असं, की पहाटे हातात टीच्या आकाराची, पुरुषभर उंचीची लोखंडी चावी घेऊन तो सायकलवरून निघायचा, रस्त्यातल्या झाकणाखाली ती घालायचा, फिरवायचा, आणि पेठेतल्या नळांना पाणी यायचं. तो फिरवायचा म्हणून यायचं. दरवर्षी धरणात किती टक्के पाणी आहे याच्या बातम्या येतात, पण शेवटच्या वळणावर ते सगळं धरण सोनबाच्या मनगटात असायचं. एका उन्हाळ्यात त्यानं व्हॉल्व्ह जरा जास्त मोकळा केला, तर एका वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर अंघोळीला बसलेले गृहस्थ नळाच्या धारेनं उचलले जाऊन थेट शेजारच्या गच्चीत वाळवणावर पडले होते. कुरडया मोडल्या म्हणून त्यांच्यावर शेजारणीनं वर्षभर राग धरला. खोटं वाटत असेल तर त्या शेजारणीला विचारा. हयात नाही, पण विचारा.

आणि या माणसाला आयुष्यभर लोकांनी काय म्हटलं? चोर. या गल्लीचं पाणी त्या गल्लीला विकतो, हॉटेलवाल्याला जास्त सोडतो, आमच्या वाट्याचं खातो. पाणी आलं की नळाची कृपा, गेलं की सोनबाची चोरी. तो ऐकून घ्यायचा. लोणी काळभोरचा शेतकऱ्याचा पोर, पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून लहानपणी कोयते निघालेले पाहिलेला. त्याला या शहरी शिव्या म्हणजे टाळ्याच वाटायच्या. पण घरी येऊन पाय धुताना तो बायकोला, म्हणजे शकूवहिनींना, रोज एक वाक्य सांगायचा, "आज बी चोरलं न्हाई गं." हा त्यांच्यातला विनोद होता.

मग निवृत्ती झाली, साखर झाली, साखरेनं मूत्रपिंडं खाल्ली. त्याच्या आधी दोन वर्षं वहिनींना अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली, जीभ मात्र देवानं तेवढी शाबूत ठेवली. त्यांना उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, वेणी घालणं, सगळं सोनबा करायचा. वेणी तो अशी घट्ट घालायचा की वहिनींच्या भुवया वर चढायच्या आणि दिवसभर त्या जगाकडे आश्चर्यानं पाहतायत असं वाटायचं. म्हणून डॉक्टरांनी जेव्हा विचारलं, आठवड्यातून तीनदा इथे येऊन मशीनवर झोपणार की घरच्या घरी पोटाचं डायलिसिस करणार, तेव्हा त्यानं डोळे मिटून घर निवडलं. पोटात एक नळी बसवली. खिळ्याला पिशवी टांगायची, तिच्यातलं औषधी पाणी नळीनं पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं, मग त्यात उतरलेली घाण घेऊन ते खाली दुसऱ्या पिशवीत काढायचं. झालं. सोनबा हे ऐकून दवाखान्यात हसला होता. "म्हंजी टाकी भरायची आन् सोडायची. जल्मभर तेच केलं की."

दवाखान्यातली नर्स पूर्णिमा त्याला ते शिकवायला होती. हात कसे धुवायचे, नळीचं तोंड कसं जपायचं, हे त्यानं तिच्याइतकंच नीट करून दाखवलं. सगळे खूश झाले. आणि महिनाभरात त्याचे पाय सुजले.

सूज म्हणजे कशी? नडगीवर अंगठा दाबला तर असा खळगा पडायचा की त्यात वाटीभर वरण राहिलं असतं. वजन वाढलं, डोळ्यांखाली पिशव्या आल्या, जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी वजनाचा आकडा पाहिला आणि मान वर न करता म्हणाले, "काका, पाणी जास्त होतंय. कमी करा." त्यानं कमी केलं. पुढच्या वेळी सूज वाढलेली. "काका, अजून कमी करा." त्यानं अजून कमी केलं. सूज अजून वाढली. तिसऱ्या वेळी डॉक्टर सूरजकडे वळून इंग्रजीत बोलले. बाप समोर बसलेला असताना मुलाशी इंग्रजीत बोलायचं म्हणजे निकाल लागला समजायचं. "ही इज ड्रिंकिंग," एवढं सोनबाला कळलं. ड्रिंकिंग हा शब्द त्याला दारूच्या संदर्भात माहीत होता, म्हणून तो घाबरून म्हणाला, "माळकरी हाय मी." कुणी हसलंही नाही.

ठरलं ते असं: पुढच्या तपासणीला सूज उतरली नाही तर नळी काढायची आणि मशीन. सूरजनं लगेच तोडगा काढला होता. त्याच्या घराजवळ एक केअर सेंटर आहे, चोवीस तास आया, बाग, टीव्ही. आईला तिथे ठेवू. बाबांना मशीनला न्यायला गाडी लावू. सगळं सॉर्टेड. हे तो आईच्याच उशाशी बसून सांगत होता. वहिनी म्हणाल्या, "बाग हाय म्हनतोस. मग मला कुंडीत लावनार का वाफ्यात?"

म्हणून ते फुलपात्र. रोज सकाळी मी माठातून ते भरून न्यायचो. दिवसभराचं पाणी. त्यातच गोळ्या, त्यातच तहान. सोनबा ते दोन्ही हातांनी घ्यायचा, फळीवर ठेवायचा, वर बशी झाकायचा. तहान अनावर झाली की वेलदोडा चघळायचा, नाही तर ओलं फडकं ओठांना लावायचा. एप्रिलचा महिना. माझ्याकडे माठ असा पाझरत बसलेला असायचा की मला त्याची लाज वाटायची. मी त्याच्याकडे पाठ करून बसू लागलो.

आणि या अवस्थेत समाचाराला माणसं. आपल्याकडे आजारी माणूस म्हणजे सार्वजनिक गणपती. कुणीही यावं, काहीही वाहावं. ज्या आनंदीबाईंनी त्याला पेठेत भर रस्त्यात पाणीचोर म्हटलं होतं, त्या आल्या. त्यांना म्हणे फार वाईट वाटलं होतं. त्यांनी पिशवीतून शहाळं काढलं.

"घ्या हो, घोटभर घ्या. शहाळ्यानं काही होत नाही. ते पाणी नव्हेच मुळी, ते औषध."

"डॉक्टरनी बंद केलंय, बाई."

"डॉक्टरांना काय कळतंय? आमच्या दिरांनी शेवटपर्यंत घेतलं."

"शेवट कवा झाला त्यांचा?" वहिनींनी खाटेवरून विचारलं.

आनंदीबाई गेल्या. जाताना जिन्यात मला हळूच म्हणाल्या, "सुटत नाही हो सवय. आयुष्यभर पाण्यात हात ना." आणि अर्थपूर्ण हसल्या. त्यांचं शहाळं मी त्यांच्याच पाठोपाठ जिन्यावरून सोडलं. ते तीन मजले उतरून, कोपरा वळून, रिक्षा स्टँडपर्यंत गेलं असं रिक्षावाले सांगतात. असेल.

पण हे सगळं सोनबानं पचवलं असतं. डॉक्टर परका, आनंदीबाई परक्या, मुलगा वाघोलीचा. एका दुपारी मी त्यांच्याकडे बसलो होतो. सोनबाला आता आडवं पडलं की धाप लागायची, म्हणून तो उशा रचून भिंतीला टेकून बसायचा. वहिनी बराच वेळ त्याच्याकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "अवो."

"काय?"

"मी रागवनार न्हाई. खरं सांगा. पिता का थोडं?"

वेणी घालायची वेळ झाली होती, ती सोनबानं घातली. फक्त त्या दिवशी वेणी सैल पडली. भुवया जागेवर राहिल्या. तो बोटांत जोर घ्यायला विसरला होता, आणि वहिनींना ते कळलं, आणि त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या.

मी घरी आलो आणि दवाखान्यात फोन केला. मी खोटं बोललो, त्यात नवल नाही. म्हटलं, मी कुणी मोठा पाण्याचा अधिकारी आहे आणि एका पाणीचोरीची चौकशी करायची आहे, तातडीनं माणूस पाठवा. पलीकडून पूर्णिमाच होती. ती म्हणाली, "अप्पाकाका, तुमचा आवाज ओळखते मी, सोनबाकाकांबरोबर येता ना तुम्ही. काय झालं?" मी सांगितलं. ती ड्यूटी संपल्यावर स्कूटरवरून आली.

खोलीत बसायला जागा खाटेच्या कडेचीच. ती बसली, सोनबाचे पाय दाबून पाहिले, छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. आणि आपला पाय मागे घेताना तिची टाच खाटेखाली कशाला तरी आपटली. तिनं वाकून चादर वर केली. खाटेखाली औषधी पाण्याची खोकी, भिंतीपर्यंत रचलेली, न फोडलेली.

"ही कधीची, काका?"

"म्हयन्याची हायती. उरल्यात."

"उरायला नको होती. रोज चार पिशव्या ना?"

"दोन," सोनबा म्हणाला. "सकाळी एक, सांजेला एक. चार कशाला? भरली की लगीच सोडायची, त्यानं गाळ बसतो का? पाणी निवळायला टाकीत ठिवावं लागतं, ताई. जेवढं जास्त ठिवावं तेवढी घान खाली बसती. पर्वतीच्या टाकीवर सोत्ता बघितलंय मी."

पूर्णिमाचा चेहरा बदलला. तिनं अगदी हळू विचारलं, "आणि काढता तेव्हा किती येतं? घातलं त्यापेक्षा जास्त येतं का?"

"जास्त कसं यील? कमीच येतं. ताणकाट्याला लावतो की मी."

"कमी येतं हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"त्यात काय सांगायचं?" सोनबाला खरंच नवल वाटलं. "गळती धरायची असतीय. जेवढं सोडलं तेवढं पोचलं असं या शहरात कवा झालंय का? सायेब लोक बी तिसरा हिस्सा गळतीत धरत्यात. म्हनलं, पोटात बी जुनीच लाइन हाय."

पूर्णिमानं त्याचा हात हातात घेतला आणि सांगितलं. त्या पिशवीत नुसतं पाणी नसतं, साखरेचं पाणी असतं. ती साखर शरीरातलं जादा पाणी पोटात ओढून घेते. म्हणून घातलं त्याहून जास्त बाहेर यायला हवं. पण फार वेळ ठेवलं की साखरच अंगात जिरते. मग ओढायला कुणी उरत नाही आणि ते पिशवीतलं पाणी उलटं शरीरात शिरतं. "तुमची गळती तुमच्या पायात साठलीय, काका. छातीतही साठायला लागलीय. तुम्ही एक थेंब जास्त प्यायला नाहीत. तुम्ही आणखी कमी प्यायला असतात तरी सूज आली असती."

सोनबानं आपल्या पायांकडे पाहिलं. मग वहिनींकडे पाहिलं. "ऐकलंस?" म्हणाला.

वहिनी म्हणाल्या, "ऐकलं. डावा कान चालू हाय माझा." आणि तोंड पुन्हा भिंतीकडे केलं, पण या वेळी डावा हात मागे, त्याच्या दिशेनं, पडून राहिला होता.

"चूक माझीबी हायच," सोनबा पूर्णिमाला म्हणाला. "चार सांगितल्या त्या दोन केल्या."

"आमची जास्त," ती म्हणाली. "किती पिता एवढंच विचारत राहिलो."

तो कबूल करून मोकळा झाला, तीही झाली. मी नाही झालो. मला सांगा, एवढा मोठा दवाखाना, एवढी मोठी डिग्री, आणि कुणाला एक प्रश्न सुचू नये? पाणी आत किती जातं हे तिथल्या शिपायानंही विचारलं. बाहेर किती येतं, हे कुणी विचारलं नाही. पेठेत पाणी कमी आलं की लोक पाइप तपासत नव्हते, सोनबाला तपासत होते. तेच झालं. गरिबाच्या बाबतीत आपल्याला पहिल्यांदा चोरीच सुचते. गळती सुचायला वेळ लागतो.

पूर्णिमानं तिथूनच डॉक्टरांशी बोलून त्याच संध्याकाळी जास्त साखरेची पिशवी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात नेऊन तपासलं. मग दिवसाला चार, वेळच्या वेळी. खाली येणारी पिशवी जड होऊ लागली. सोनबा ताणकाट्याला लावून मला बोलवायचा, "अप्पा, बघा, वसुली." आठवड्याभरात पायांची हाडं दिसायला लागली, तो आडवा झोपायला लागला, वेणी पुन्हा घट्ट झाली. तपासणीला डॉक्टरांनी वजनाचा आकडा पाहिला आणि मान वर न करता म्हणाले, "गुड. बघा, पाणी कमी केलंत की कसा फरक पडतो." पूर्णिमा काही बोलणार होती. सोनबानं तिला डोळ्यांनी थांबवलं. नळी राहिली, घर राहिलं, वहिनी राहिल्या. तेवढ्यासाठीच तो तिथे बसला होता.

सूरजला फोनवर कळलं. "ग्रेट न्यूज," म्हणाला. "येतोच वीकएंडला." दोन वीकएंड गेले. कुलूप तसंच होतं, त्यांचं दूध-भाजी माझ्याच फ्रिजात. मी म्हटलं, खलबत्ता आणतो, एका घावात उडवतो. सोनबा म्हणाला, "नको. ज्यानं लावलं त्यानं काढावं. आमच्या खात्यात तसाच नियम हाय."

सूरज आला तो भर मे महिन्यातल्या दुपारी. लिफ्ट बंद. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. मी तिथेच होतो. त्यानं बापाचे पाय पाहिले, "वॉव" म्हणाला, आईच्या कपाळाला हात लावला, पंख्याखाली बसला आणि सवयीनं म्हणाला, "बाबा, जरा गार पाणी द्या ना."

सोनबा जागेवरून उठला नाही. "फ्रिजमदी असंल," म्हणाला. "चावी तुझ्याकडं हाय."

सूरजनं खिशातून चाव्या काढल्या. गाडीची मोठी चावी, फ्लॅटची, ऑफिसच्या ड्रॉवरची, आणि त्यांत ती छोटी, पांढरी. ती बोटांत धरून तो फ्रिजपर्यंत गेला. कुलपाशी वाकला. आणि तसाच थांबला. आईचे डोळे, भुवया वर चढलेले, त्याच्यावर होते. त्याला कुलूप उघडता येईना. ते उघडायचं म्हणजे काय करायचं हे त्याला त्या क्षणी, मला वाटतं, प्रथमच कळलं. तो परत येऊन पंख्याखाली बसला, चाव्या मुठीत धरून.

"मी बाहेरून बाटली आणतो," म्हणाला.

"उन्हाचं कशाला," सोनबा म्हणाला.

तो उठला. फळीवरचं फुलपात्र त्यानं काढलं, वरची बशी बाजूला केली. सकाळी मी भरून दिलेलं, अजून काठोकाठ होतं. त्यानं त्यातून गोळीपुरतंही घेतलं नव्हतं. एक थेंब न सांडता ते त्यानं आणलं आणि मुलाच्या समोर टेबलावर ठेवलं.

"घे," म्हणाला. "माझ्या वाट्याचं हाय. चोरीचं न्हाई."

सूरज फुलपात्राकडे बघत राहिला. खाली सोसायटीच्या टाकीत पाणी आल्याचा आवाज झाला. सोनबानं सवयीनं तिकडे कान दिला, धार कशी पडतेय ते ऐकलं, मग फणी घेऊन वहिनींच्या उशाशी बसला आणि त्यांचे केस मोकळे करू लागला.